वाजून राहिली ना?

मागच्या शनिवारी कपाट आवरताना वसंतराव देशपांड्यांच्या नाट्यगीतांची सीडी सापडली आणि बाबांचं एक जुनं भांडण आठवलं. २००१ च्या सुमारास बर्डीवरच्या एका दुकानातून ती घेतली होती. घरी आल्यावर बाबांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली, तर चंदेरी थरातून उजेडाचे तीन-चार बारीक ठिपके चक्क आरपार! दुसऱ्या दिवशी बाबा दुकानात, आणि मागे मान खाली घालून मी. दुकानदाराने सीडी लावली, पहिलं गाणं अर्धा मिनिट ऐकवलं आणि म्हणाला, "काका, वाजून राहिली ना? मग झालं तर!"

सीडी परत घरी आली. बाबा आठवडाभर धुसफुसत होते.

आता इतक्या वर्षांनी मला वाटतं, दोघंही चुकले होते.

आधी बाबांचं बघू. सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीचं पारदर्शक प्लॅस्टिक. त्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, त्यावर लॅकर आणि वर छपाई. थर चढवताना धुळीचा कण मध्ये आला की तिथे भोक राहतं. ट्रॅकमधलं अंतर फक्त १.६ मायक्रॉन, म्हणजे बारीकसं भोकही कित्येक ट्रॅक खाऊन टाकतं. ऐकायला भयंकर वाटतं, पण सीडी बनवणाऱ्यांनी हे गृहीतच धरलं होतं. माहिती एका जागी न लिहिता लांबवर विखुरून लिहिलेली असते आणि तिच्याबरोबर दुरुस्तीसाठी जादा माहितीही असते. गणित रीड आणि सॉलोमन या दोघांचं, १९६० सालचं. ट्रॅकच्या लांबीत साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुकडा पार गेला तरी तो बिट न् बिट परत मिळतो. अंदाजे नाही, तंतोतंत! बाबांचे ठिपके यापुढे काहीच नव्हते.

उलट जे दोष खरे त्रास देतात ते उजेडात दिसतच नाहीत. मधलं भोक केंद्रापासून एक दशांश मिलिमीटर सरकलं, तर ट्रॅक साठांहून जास्त ट्रॅकांच्या अंतराइतका बाजूला जातो आणि लेझर दर फेरीला त्याच्यामागे धावत राहतो. साच्यात खड्डे नीट उमटले नाहीत, तर तेही डोळ्यांना कळत नाही.

आता दुकानदार. वाजते म्हणजे चांगली, हे त्याचं लॉजिक. पण दुरुस्ती हरली तरी प्लेअर लगेच गप्प बसत नाही. आजूबाजूचे नमुने बघून मधला नमुना स्वतःच ठरवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने, त्यातले दोन-चार असे भरले तर कुणाला कळणार? आमच्या धंद्यात एरर पकडून काहीच न करणारा कोड लिहिणारे महाभाग असतात. डेमो झकास होतो, बोंब सहा महिन्यांनी लागते. तसंच हे. शिवाय सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे पहिलं गाणं सर्वांत आत. बाहेरच्या कडेला लॅकर नीट बसलं नसेल तर दमट हवा आधी तिथेच शिरते, आणि त्याने ऐकवलं होतं पहिलं गाणं.

नवी असताना छान वाजणं ही हमी नाही, याचं गाजलेलं उदाहरण इंग्लंडमधलं. ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या दरम्यान बनलेल्या बऱ्याच सीडी पुढे तपकिरी पडल्या. कव्हरच्या कागदातल्या गंधकापुढे त्यांचं लॅकर टिकलं नाही. विकत घेताना त्या सगळ्या वाजूनच राहिल्या होत्या!

मग करायचं काय? मोजायचं. मूळ प्रमाणात सेकंदाला ७,३५० ब्लॉकपैकी सरासरी २२० पर्यंत चुका चालतात, पण दुरुस्तीच्या दुसऱ्या पायरीवर न सुटलेली चूक एकही नको. माझ्याकडे एक जुना ड्राइव्ह आहे, तो या चुका मोजून दाखवतो. रविवारी सकाळी चहा घेत सीडी लावली. बाबांच्या ठिपक्यांपाशी आलेखाला जरा उंचवटा, बाकी काही नाही. शेवटच्या गाण्यात मात्र न सुटलेल्या चुका, तेही जिथे उजेडात एकही भोक दिसत नाही अशा जागी.

हा दोष कारखान्यातला की नागपूरच्या वीस-बावीस उन्हाळ्यांचा? आता सांगता येत नाही. त्या आठवड्यातच मोजलं असतं तर कळलं असतं, आणि तेव्हा बदलूनही मिळाली असती.

तेव्हा घरात जुन्या सीडी असतील तर त्या उजेडात धरत बसू नका आणि "वाजते की" म्हणून ठेवूनही देऊ नका. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारख्या, पुन्हा पुन्हा वाचून पडताळणाऱ्या प्रोग्रामने कॉपी करा. पुढच्या रविवारी नाही, याच.

मी केली. शेवटचं गाणं सोडून सगळी शंभर टक्के उतरली. ते तेवढं बाबांना ऐकवलं. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "चांगलं तर वाजून राहिलं!"

मी काही बोललो नाही.