अंगाई आणि गाणारीचे मन

भारतीय भाषांतील अंगाईगीतांची चर्चा बहुधा वात्सल्यरसाच्या ठरीव चौकटीत होते. माता वत्सल असतेच, हे गृहीत धरून अभ्यासक प्रतिमांची मोजदाद करू लागतो. इरयिम्मन तंपी यांनी स्वाती तिरुनाळ यांच्यासाठी १८१३ मध्ये रचलेल्या मलयाळम अंगाईतील उपमांवर पुष्कळ लिहिता येते. ती गाणाऱ्या स्त्रीच्या मनाचे काय, हा प्रश्न मात्र उपस्थित होत नाही.

वस्तुतः तो टाळण्याजोगा नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातील अडतीस अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के आढळले. सुखास्वादाची क्षमता मंदावणे हे या विकाराचे प्रमुख लक्षण होय. आता संगीताचा आनंदही मेंदूतील सुखास्वादाच्या यंत्रणेवरच विसंबून असतो. मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, आवडत्या संगीतातील उत्कट क्षणाच्या प्रतीक्षेत आणि प्रत्यक्ष त्या क्षणी तेथे डोपामाइन स्रवते. ही यंत्रणाच मंदावली, तर सूर कानी पडतो, ओळखूही येतो. पण मन हलत नाही.

अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी 'निजसुखादिविवशीभाव' हे एक. स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेल्या प्रेक्षकाला रसास्वाद कसा घडावा? त्यावर त्याने सुचविलेल्या उपायांत गीत आणि वाद्य येतात. योजना मार्मिक खरी. परंतु विवश मनापर्यंत संगीत पोचतेच, हे तीत गृहीत आहे. सूतिकेच्या बाबतीत नेमके तेच गृहीत डळमळते. शिवाय अभिनवगुप्तापुढे ऐकणारा आहे, गाणारी नाही.

हा भेद क्षुल्लक नव्हे. इंग्लंडमध्ये १३४ मातांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मध्यम ते तीव्र लक्षणे असलेल्या स्त्रियांपैकी ज्या तान्ह्यांसह समूहात गायल्या, त्या केवळ नेहमीची देखभाल मिळालेल्या स्त्रियांपेक्षा लवकर सावरल्या. मराठी बारशाला बायका जमून पाळणा म्हणतात, तो बाराव्या दिवशी. पहिल्या पंधरवड्यातले हळवेपण बहुधा आपोआप ओसरते. नैराश्य रेंगाळते ते त्यापुढे, आणि तोवर पाळण्याभोवतीचे कंठ आपापल्या घरी गेलेले असतात.

मग रात्री एकटीच्या तोंडी येणाऱ्या अंगाईत बागुलबुवाचा धाक येतो, थकवा येतो, क्वचित बाळावरचा रागही. वात्सल्याच्या चौकटीत न बसणाऱ्या अशा ओळी 'गमतीच्या' म्हणून बाजूला सारणे हा अरसिकपणाच होय. संकलकाने शब्दांच्या शेजारी इतके जरी नोंदवले, की ओळ कोणी, बाळंतपणानंतर कितव्या महिन्यात आणि कोणाच्या सोबतीने म्हटली, तरी त्या ओळींचा अर्थ वेगळा लागेल.