क्षमेची घाई कुणाला?

भावानं बहिणीचा वाटा लाटलेला असो, की बापानं पोरांना वर्षानुवर्षं बदडलेलं असो, मंडळीतली वडीलधारी माणसं दुखावलेल्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात: येशूनं वधस्तंभावर क्षमा केली, मग तुला का जमत नाही? पाठोपाठ ताकीद येते. नाताळच्या जेवणाला सगळे एकत्र दिसले पाहिजेत, आणि झालंगेलं पुन्हा काढायचं नाही. या सल्ल्यात भक्तीपेक्षा घराण्याच्या अब्रूची काळजी जास्त आहे, आणि तो शास्त्राला धरून नाही.

त्याचा मुख्य आधार म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय. भावाला किती वेळा क्षमा करू, असं पेत्र विचारतो आणि येशू हिशेबच मोडून टाकतो. पण हा प्रश्न २१ व्या वचनात येतो. त्याआधी, १५ ते १७ या वचनांत, रीत घालून दिली आहे: अपराध करणाऱ्याला एकांतात गाठून त्याचा अपराध सांग, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने, तरीही नाही तर मंडळीपुढे मांड. गप्प बस, असं त्यात कुठेही नाही. पुढच्या दाखल्यात राजा दासाचं अफाट कर्ज सोडतो आणि तोच दास सोबत्याचा १०० दिनारांसाठी गळा धरतो. दासाची ती क्रूरता निंद्यच. पण दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. शंभर दिवसांची मजुरी ही किरकोळ रक्कम नव्हे. बहिणीचं जे बुडालं ते खरोखर बुडालं, हे येशूच्या हिशेबातही धरलेलं आहे.

योसेफाची कथा तर सल्ला देणाऱ्यांनी पुन्हा सावकाश वाचावी. सतराव्या वर्षी भावांनी त्याला २० रुप्याच्या नाण्यांना विकलं. दुष्काळात तेच भाऊ मिसरात त्याच्यापुढे वाकले, तेव्हा त्यानं त्यांना धान्य दिलं, त्यांचे पैसेही गुपचूप गोण्यांत परत घातले. ओळख मात्र दिली नाही. शिमोनाला अडकवून ठेवलं, बन्यामीनाला आणायला लावलं. ज्या यहूदानं विकण्याची कल्पना काढली होती, तोच बन्यामीनाऐवजी मला गुलाम करा म्हणाला, तेव्हा कुठे योसेफाला रडू आवरेना. आणि ओळख देतानाही तुम्ही मला विकलंत, हे त्यानं स्पष्ट बोलून दाखवलं. त्यानं दया पहिल्याच फेरीत केली. विश्वास टाकला तो भाऊ बदललेले दिसल्यावर.

आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांचं आयुष्य पाहा. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या संसारावर कुऱ्हाड कोसळली. धर्मांतर हा अपराध नव्हता. तरी मागे राहिलेल्या बायकोचं दुःख त्यामुळे लहान होत नाही. त्या टिळकांकडे परतल्या, पण सुरुवातीला अन्नपाणी वेगळं ठेवून, आपल्या पावलांनी. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालचा. पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना टिळकांचा तापटपणा त्यांनी झाकला नाही, आणि म्हणूनच त्यातल्या प्रेमावर आपला विश्वास बसतो.

उलट टोकाचा सल्लाही मला मान्य नाही. नातं तोडा, मनातून पुसून टाका, क्षमा हा दुबळ्यांचा धंदा आहे, असं आता सर्रास ऐकू येतं. ख्रिस्ती माणसाला ही वाट मोकळी नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात पौल सूड देवावर सोपवायला सांगतो. ज्यानं मोडलं त्याचं वाटोळं व्हावं ही इच्छा सोडणं, त्याच्यासाठी प्रार्थना करणं, तो उपाशी असेल तर ताट वाढणं, हे त्यानं माफी मागितली नाही तरी करायचं आहे. हे अतिशय कठीण आहे आणि एका रात्रीत होत नाही. पण घराची किल्ली पुन्हा हातात देणं ही वेगळी गोष्ट. त्यासाठी पश्चात्ताप लागतो, असं लूकाच्या १७ व्या अध्यायात आहे. मारहाण होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली तक्रार करणारी बाई क्षमेच्या आज्ञेविरुद्ध वागत नाही.

तेव्हा पाळकांनी बहिणीच्या दारी जाण्याआधी भावाच्या दारी जावं आणि वाटा कधी परत करणार ते विचारावं. जक्कयानं, येशू त्याच्या घरी उतरला तेव्हाच, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट द्यायचं कबूल केलं होतं.