टाचेची भेग आणि शिळी पोळी



या आठवड्याच्या टपालात नागऱ्याहून एक पत्र आलंय. नागरा म्हणजे गोंदिया शहराजवळचं, जुन्या शिवमंदिरासाठी ओळखलं जाणारं गाव. पत्र लिहिणारी आठवीत शिकते. नाव छापू नका असं तिनं बजावलंय, म्हणून छापत नाही. तिची आई धानाच्या बांधीत कामाला जाते. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग चुरणी. पाणी असेल त्या वर्षी उन्हाळी धानाची रोवणी पुन्हा आहेच, तीही थंडीत. आईच्या टाचा फुटल्यात. भेगा इतक्या खोल की रात्री गोधडीचे धागे त्यात अडकतात. आई रोज झोपताना खोबरेल तेल चोळते, पण फरक नाही. आजी म्हणते, अंगातली उष्णता आहे. शेजारच्या काकू म्हणतात, ब्लेडनं तासून टाक. आणि मुलीचा प्रश्न असा, की रोज तेल लावूनही टाचा फुटतातच कशा? आणि शिवरात्रीच्या यात्रेपर्यंत आईला नीट चालता येईल का?

उत्तर देण्याआधी तुम्हा सगळ्यांना एक प्रयोग सांगतो. रात्री एक पोळी झाकण न ठेवता ताटात राहू द्या. (आईला आधी सांगा, नाहीतर प्रयोगाआधीच ती गाईच्या पुढ्यात जायची!) सकाळी ती कडक झालेली असेल. तिचे तीन तुकडे करा. पहिल्याला नुसतं तेल चोळा. दुसऱ्यावर पाणी शिंपडून झाकून ठेवा. तिसऱ्यावरही पाणी शिंपडा, झाका, आणि तो मऊ झाला की वरून तेलाचा हात फिरवा. पंधरा मिनिटांनी पहिला तुकडा दुमडून बघा. तुटतो की नाही कडकन? तेल लावलेला असूनही! दुसरा आणि तिसरा मात्र छान वाकतात. आता ते दोन्ही तास-दोन तास उघडे ठेवा. दुसरा पुन्हा कडक व्हायला लागतो, तिसरा बराच वेळ मऊ राहतो.

झालं! टाचेचं अर्धं शास्त्र या तीन तुकड्यांत आहे. कातडी मऊ करतं ते पाणी. तेलाचं काम वेगळं. आत गेलेलं पाणी उडून जाऊ नये म्हणून तेल दाराला कडी घालतं. पण घरात कुणी नसतानाच कडी घातली तर उपयोग काय? नागऱ्याची आई नेमकं हेच करते आहे. दिवसभर वाळलेल्या टाचेवर तेल, म्हणजे कोरड्या पोळीवर तेल.

हे मी पोळीवरून ठोकून देतोय असं समजू नका हं. अमेरिकेत अर्विन ब्लँक नावाचे एक संशोधक होते. त्यांनी पायाच्या घट्ट्याची वाळकी कातडी घेऊन असाच प्रयोग केला. ती तेलात आणि व्हॅसलिनसारख्या पदार्थांत ठेवली तरी ठिसूळच राहिली; पाण्यानं मात्र लवचीक झाली. हे त्यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलं. जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ आजही त्या कामाचा दाखला देतात.

मग टाचाच का फुटतात, गाल का नाही फुटत? आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. इतर बहुतेक ठिकाणी तो कागदापेक्षाही पातळ, पण टाचेवर तो एक मिलिमीटरच्या घरात जातो. अनवाणी चालणाऱ्याचा तर त्याहूनही जाड. शिवाय तळपायाला आणि तळहाताला तेलाच्या ग्रंथीच नसतात. घामाच्या ग्रंथी भरपूर, पण तेलाची एकही नाही! म्हणजे इथं कडी घालणारं घरचं कुणी नाही, ते बाहेरूनच आणावं लागतं.

आता बांधीकडे चला. पाणी आटल्यावर बांधीतला चिखल कसा तडकतो, हे गोंदिया-भंडाऱ्याकडच्या मुलांना मी काय सांगावं? ओला असताना चिखल फुगलेला असतो. वाळताना आकसतो, आणि आकसायला जागा नसली की फाटतो. रोवणीत बाई दिवसभर घोटाभर चिखलात वाकून उभी असते. टाचेची कातडी पाणी पिऊन फुगते, आणि पाणी धरून ठेवणारे कातडीतले पदार्थ धुऊन जातात. संध्याकाळी पाय वाळले की ती आकसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढे हिवाळा येतो. गोंदियाची थंडी विदर्भात नावाजलेली, आणि हवा कोरडी. त्यात अंगाचं सगळं वजन टाचेवर येतं तेव्हा टाचेतली चरबीची गादी बाजूंना पसरते. कडेची वाळलेली कातडी ताणली जाते आणि फाटते. म्हणून भेगा नेहमी टाचेच्या कडेला दिसतात. मागून उघडी चप्पल घातली तर ही गादी जास्तच पसरते.

‘मग बूट घालावेत’ असं लिहून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण धानाच्या चिखलात गमबूट घालून रोवणी करून बघा एकदा! पाय वर येईल, बूट तिथंच राहील. तेव्हा तो सल्ला इथं नको. बांधीत उतरण्याआधी टाचांना तेलाचा किंवा व्हॅसलिनचा जाड हात द्यायचा. बाहेर आल्यावर लगेच स्वच्छ पाण्यानं चिखल धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या (तिथं ओल राहिली की चिखल्या होतात), टाचांना पुन्हा तेल. अंगणात, गोठ्यात, परसात वावरताना मात्र पायात चप्पल हवीच, शक्यतो मागून पट्टा असलेली.

आता रात्रीचा उपाय. हे काम आईचं नाही, तुमचं आहे. कारण आई दहा मिनिटं नुसती बसणार कधी? ती भाजी निवडायला बसली की घमेल्यात कोमट पाणी घेऊन जा आणि तिचे पाय त्यात सोडा. पाणी कोमटच हवं. कढत पाणी कातडीतला उरलासुरला ओलावाही पळवतं. कपडे धुण्याचा साबण, सोडा, लिंबू काही घालू नका. दहा-पंधरा मिनिटांनी वज्रीनं किंवा पाय घासायच्या दगडानं हलके घासा. एका दिवसात सगळं काढायचं नाही, रोज थोडं थोडं. भेग लाल असेल, रक्त येत असेल, तर घासूच नका. मग पाय टिपून घ्या. खसाखसा पुसू नका. आणि कातडी ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तेल लावा. वर जुने सुती मोजे. मोजे नसतील तर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळा.

तेल कोणतं? घरात असेल ते. तुमच्याकडे मोहाच्या बियांचं तेल मिळतं, ते थंडीत तुपासारखं थिजतं आणि टाचेवर चांगलं बसतं. आजीला विचारा, ती त्याचं नाव काढेलच. कोकणात याच कामाला कोकमाचं तेल वापरतात, तेही थिजलेलं असतं. साधं व्हॅसलिन तर याबाबतीत फार गुणी. रॉबर्ट चेसब्रो नावाचा तरुण रसायनतज्ज्ञ १८५९ साली पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरी बघायला गेला. तिथले कामगार पंपाच्या दांड्याला चिकटणारा मेणचट थर भाजल्या-कापल्यावर लावत होते. त्यानं तो शुद्ध केला, आणि १८७२ मध्ये व्हॅसलिनचं पेटंट घेतलं. तेलविहिरीतली कटकट आपल्या कपाटात आली ती अशी.

औषधाच्या दुकानात युरियाचं मलम मिळतं. हो, युरियाच! तो पाणी धरून ठेवतो आणि आपल्या कातडीतही थोडा असतोच. टाचांवर हे मलम चांगलं लागू पडतं. पण म्हणून कुणी शेतातल्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून आईच्या पायाला चोळाल तर खबरदार! ते खत आहे, औषध नाही.

ब्लेडचं विचारलंस. नाही म्हणजे नाही. ब्लेड, सुई, चाकू, काही नाही. भेगेत चुना, तंबाखू, राख भरू नये, गरम मेणाचे थेंब टाकू नयेत. शेण-मातीत वावरणाऱ्या पायाची भेग म्हणजे धनुर्वाताच्या जंतूंना उघडं दार. धनुर्वाताची लस तुम्हाला दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देतात ती याचसाठी. आईनं शेवटची कधी घेतली, ते विचार. आठवत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन विचारा.

आता एक गोष्ट जरा लक्ष देऊन वाचा. भेग दुखते, ठणकते, म्हणून आपण तिच्याकडे बघतो. पण भेग खोल आहे, रक्त येतंय आणि दुखतच नाही, असं असेल तर? मोठी माणसं म्हणतात, बरं झालं, त्रास नाही. तसं नसतं. पायाची जाणीव गेलेली असू शकते. मधुमेहात असं होतं, कुष्ठरोगातही होतं. विदर्भाच्या या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे रुग्ण पूर्वीपासून जास्त आढळतात, म्हणून मुद्दाम लिहितो. तमिळनाडूत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून काम करत होते. कुष्ठरोगी माणसाचे हातपाय झडतात ते रोगानं आपोआप नव्हे, तर दुखणं कळत नसल्यामुळे वारंवार इजा होऊन, हे त्यांनी दाखवून दिलं. अशा रुग्णांना पायांच्या काळजीचा जो धडा देतात तोही हाच: रोज साध्या पाण्यात भिजवा, घासा, तेल लावा आणि पाय नीट बघा.

तेव्हा आईला डोळे मिटायला सांग. बॉलपेनचं टोक पायाच्या बोटांवर, तळव्याच्या खोलगट भागात हलकेच टेकव आणि कुठं लागलं ते विचार. टाचेची कातडी जाड असते, तिथं नाही कळलं तरी घाबरू नकोस. पण बोटांवर, तळव्यावर कळलं नाही, किंवा अंगावर कुठं बधिर, फिकट वा लालसर चट्टा असेल, तर सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. कुष्ठरोगाचं औषध तिथं फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावं लागतं, आणि रोग पूर्ण बरा होतो. लाजायचं काही कारण नाही. आणि आजीला मधुमेह असेल तर तिचे पाय भिजवायचे-घासायचे नाहीत, आधी डॉक्टरांना विचारायचं. भेगेतून पू आला, पाय सुजला, ताप आला, तर घरचे उपाय तिथंच थांबवायचे.

आजीच्या उष्णतेचं काय? तिच्याशी वाद घालू नकोस. तिच्या लहानपणी पायाला मोहाचं तेल कधी लावायचे, पाय धुतल्यावर की आधी, एवढंच विचार. उत्तर ऐकण्यासारखं असेल.

राहिली यात्रा. टाचेची कातडी हळूहळू नवी होते. वरवरच्या भेगा रोज रात्री न चुकता हे केलं तर दोन-तीन आठवड्यांत मिटतात, खोल भेगांना त्याहून जास्त दिवस लागतात. महिना उलटूनही फरक नाही दिसला तर डॉक्टरांना दाखवा, कारण कधी कधी ती बुरशीही असते आणि तिचं औषध निराळं. शिवरात्रीला अजून वेळ आहे. आजपासून घमेलं काढ. आई ‘राहू दे गं’ म्हणेल, तिचं ऐकू नकोस. आणि आधी-नंतर कसं दिसत होतं, कोणतं तेल लावलंस, ते यात्रेहून आल्यावर मला लिहून कळव.