हातोडीने बसणारा जोड नको

उन्हाळी नांगरट सुरू झाली, की सायंकाळी खानापूर भागातील गावांतून फेरी मारताना एक आवाज हमखास कानी पडतो. ट्रॅक्टरच्या मागे कोणीतरी वाकून बसलेला असतो व हायड्रॉलिक पाइपाच्या टोकावर हातोडीने ठोकत असतो. विचारले, तर उत्तर ठरलेले : "फादर, कपलर बसत नाही हो. नांगर दुसऱ्याचा आणलाय."

नांगर दुसऱ्याचा आणला, यात वावगे काही नाही. एकाचा ट्रॅक्टर, दुसऱ्याचा पलटी नांगर, तिसऱ्याची डंपिंग ट्रॉली, अशीच आपली शेती चालते व चालावी. लहान शेतकऱ्याला सगळे स्वतःचे घेणे परवडत नाही. परंतु अवजारे सामाईक वापरायची आणि त्यांच्या पाइपांची तोंडे मात्र प्रत्येकाने आपापल्या मर्जीने बसवायची, हे आम्हांस पटत नाही. यात वेळ जातो, तेल जाते, आणि एखाद्या दिवशी माणूसही जाऊ शकतो.

कपलर म्हणजे काय, ते आधी पाहू. ट्रॅक्टरच्या मागे असते ते मादी तोंड. त्यात पोलादी गोळ्यांचे कडे असते व त्यावर सरकणारी कॉलर. अवजाराच्या पाइपाला असते ते नर तोंड; त्याला भोवताली खाच असते. नर आत गेला, की गोळ्या खाचेत बसतात व कॉलर त्यांना दाबून धरते. दोन्ही तोंडांच्या आत स्प्रिंगचा एकेक व्हॉल्व्ह असतो. जोड पुरता बसला, की हे व्हॉल्व्ह एकमेकांस मागे ढकलतात व तेलाची वाट उघडते.

आता घोळ कोठे होतो? शेतीच्या ट्रॅक्टरांवरील या कपलरांसाठी आयएसओ 5675 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. नेहमीच्या वापरातला जोड म्हणजे आयएसओ 7241 मधील 'ए' मालिकेचा अर्धा इंची. त्याच्या नर तोंडाचा व्यास सुमारे 20.5 मिलिमीटर भरतो. त्याच मानकातील 'बी' मालिकेच्या अर्ध्या इंचीचा व्यास सुमारे 23.5 मिलिमीटर असतो. दुकानात दोघांनाही 'अर्धा इंची'च म्हणतात! माती उपसणाऱ्या यंत्रांवर बहुधा तिसराच, सपाट तोंडाचा कपलर असतो. ही तिन्ही तोंडे एकमेकांसाठी नाहीत. शिवाय पाइपाकडच्या आट्यांचे माप वेगळे व तोंडाचे माप वेगळे. आटे जुळले म्हणून कपलर जुळला, असे होत नाही.

आट्यांतही फसगत आहे. बीएसपी व एनपीटी या दोन्ही जातींच्या अर्धा इंची आट्यांत इंचाला 14 आटे असतात, पण एकाचा कोन 55 अंश व दुसऱ्याचा 60 अंश. म्हणून दोन-तीन आटे सहज चढतात व बसल्यासारखे वाटते. मग वर टेप गुंडाळून पान्याने आवळले जाते. हा जोड दाबाखाली टिकत नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात हवा असते ती किलो-सव्वा किलोची. हायड्रॉलिकच्या तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 150 ते 200 किलोपर्यंत जातो. नळजोडणीचे जीआय किंवा पितळी सामान या दाबासाठी बनवलेले नसते, हे ध्यानी घ्यावे.

कधी कधी तोंडे जुळणारी असूनही जोड बसत नाही. याचे कारण पाइपात अडकलेला दाब. दाब न काढता सुटलेले अवजार उन्हात राहिले, की आतले तेल फुगते व व्हॉल्व्ह मागे सरकत नाही. तेथे हातोडी मारली, तर तोंड चेपते व पुढे कायमचे गळू लागते. खरा उपाय सोडतानाच करायचा असतो. अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे, लिव्हर दोन्ही बाजूंस हलवावा, मगच कपलर काढावा. तोंडे पुसून त्यांवर टोपणे बसवावीत. मातीचा कण आत गेला, तर तो पंपापर्यंत पोहोचतो.

सर्वांत मोठी भीती डंपिंग ट्रॉलीची. अर्धवट बसलेल्या जोडातून तेल जॅककडे जाते, परंतु परतताना व्हॉल्व्ह बंद होऊन अडकते. ट्रॉलीचा डबा वरच राहतो. मग कोणीतरी खाली शिरतो व पाइपाचा नट सैल करतो. तेल निसटते व डबा त्याच्या अंगावर येतो. डब्याला भक्कम पोलादी आधार दिल्याशिवाय खाली हातसुद्धा घालू नये. "मिनिटभराचे काम आहे" असे म्हणून कोणासही, विशेषतः रोजंदारीवरच्या पोराला, खाली पाठवू नये.

आणि आरोग्याची एक गोष्ट, जी पुष्कळांना ठाऊक नसते. बारीक भोकातून गळणारे तेल डोळ्यांना जेमतेम धुक्यासारखे दिसते, पण ते सुईसारखे कातडीत शिरते. डिझेल इंजिनातील दाबाखालच्या इंधनाने अशी इजा झाल्याची नोंद अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात 1937 सालीच छापली गेली होती. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, प्रारंभी दुखतही नाही. आत मात्र तेल पसरते व मांस कुजू लागते. बोट वा हात गमवावा लागतो. हळद किंवा मलम लावून घरी बसू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात ताबडतोब जावे व "मोठ्या दाबाचे तेल आत गेले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. पहिले काही तास मोलाचे असतात. गळती शोधायची, तर पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा तुकडा पुढे धरावा. हात कधीही फिरवू नये.

आमचे म्हणणे असे, की प्रत्येक गावातील ट्रॅक्टरवाल्यांनी हंगामापूर्वी एकदा एकत्र बसावे व एकच कपलर ठरवावा. मादी ट्रॅक्टरवर, नर अवजारावर, दोन्ही 'ए' मालिकेचे अर्धा इंची. नवीन अवजार घेताना बिलावर मालिका व माप लिहून घ्यावे. दोन पाइपांच्या अवजाराला जोडीजोडीने रंग लावावेत, म्हणजे पाइप उलटे लागून नांगर भलत्याच बाजूस पलटणार नाही.

काहीजण म्हणतील, "अडॅप्टर लावला की झाले, एवढा खर्च कशाला?" योग्य दाबाचा एकच पोलादी अडॅप्टर अवजाराच्या पाइपास कायम लावून ठेवला, तर आमची हरकत नाही. परंतु अडॅप्टरवर अडॅप्टर चढवीत गेले, तर गळण्याच्या जागाच वाढतात. आणि हा खर्च अवजाराच्या मालकाने सोसावा. भाडे तो घेतो. मग जोड नीट ठेवणे हेही त्याचेच काम. चालकाच्या मजुरीतून तो कापणे अन्यायाचे आहे. ज्याच्या हातात पान्हा असतो, धोका त्याच्याच हातांना असतो.

शेजाऱ्याला नांगर देणे हा चांगुलपणा खराच. त्या नांगराचा जोड हाताने, हातोडीवाचून बसेल असा देणे, यात तो चांगुलपणा पुरा होतो.