पक्ष्याचा डोळा
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

शिकारीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक जुन्या शौर्यकथांचा आणि दुसरा संपूर्ण निषेधाचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व पुढच्या दुरुस्त्यांनी आपल्यापुरता हा वाद मिटवला आहे, आणि ते योग्यच झाले. परंतु जिथे शिकार कायद्याने चालू आहे तिथले शिकारी आपसात कशावरून वाद घालतात, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतला असाच एक वाद मी येथे मांडणार आहे. रानटर्कीची धनुष्यबाणाने शिकार करायची, तर ती लपणात बसून करावी की उघड्यावर? इंग्रजी वाचण्याची सवय व्हावी म्हणून हाती पडेल ते वाचताना हा विषय माझ्यासमोर आला, आणि वाटला होता त्यापेक्षा बराच खोल निघाला.

टर्की हा आपल्या मोराच्याच कुळातला पक्षी. वसंतात नर पिसारा पंख्यासारखा फुलवतो, अंग फुगवून माद्यांपुढे मिरवतो आणि पहाटे झाडावरच्या रातथाऱ्यावरून गळ्यातून खळखळणारी आरोळी देतो. त्याचे नाक मंद आहे. पण कान तीक्ष्ण आणि डोळे त्याहून तीक्ष्ण. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने समोरचे व कडेचे त्याला एकाच वेळी दिसते, आणि मान किंचित वळवली की पाठीमागचेही. बंदूकवाल्याचे काम त्या मानाने सोपे. त्याची बंदूक आधीच गुडघ्यावर टेकवून रोखलेली असते, हलवायचे ते फक्त बोट. धनुर्धराला मात्र पक्षी वीस-पंचवीस पावलांवर आल्यानंतर हात उचलून दोरी गालापर्यंत ओढावी लागते. तेवढी हालचाल दिसली की पक्षी गेलाच म्हणून समजावे.

यावर उपाय म्हणून घडीचा कापडी तंबू निघाला आहे. आतून काळा, बाजूंना लहान खिडक्या. शिकारी काळे कपडे घालून आत स्टुलावर बसतो. त्या अंधारात तो हलला तरी बाहेर दिसत नाही, आणि शेतात अचानक उगवलेल्या तंबूचे टर्कीला फारसे वावडे नसते. हेच ते लपण.

काही शिकारी हे लपण नाकारतात. खांद्यांहून रुंद अशा बुंध्याला पाठ टेकवून सावलीत बसायचे, अंगावर झाडोऱ्याच्या रंगाचे कपडे, तोंडावर जाळी. मादीचा आवाज काढून नराला बोलवायचे. त्याचे डोके एखाद्या झाडाआड गेले, किंवा पिसारा फुलवून त्याने पाठ फिरवली आणि त्याच्याच पिसाऱ्याने त्याची नजर अडली, की तेवढ्या दोन-तीन क्षणांत धनुष्य ताणायचे. क्षण हुकला तर तसेच बसून राहायचे.

हे वाचताना अर्जुनाची आठवण होणे साहजिक आहे. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत त्याला पक्ष्याचा फक्त डोळा दिसला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु तो पक्षी कृत्रिम होता. तो अर्जुनाकडे बघत नव्हता. येथे मात्र पक्ष्याचा डोळा जिवंत आहे आणि परीक्षा तोच घेतो.

उघड्यावर बसणाऱ्यांचे म्हणणे असे की, हीच खरी शिकार. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली मित्रांसमवेत बून अँड क्रॉकेट क्लब स्थापन केला. या क्लबने 'फेअर चेस' म्हणजे न्याय्य पाठलाग ही कल्पना रुजवली. प्राणी मोकळा असावा, त्याला निसटण्याची संधी असावी आणि शिकाऱ्याने अवाजवी फायदा घेऊ नये, असा तिचा आशय. लपण हा अवाजवी फायदा आहे, तो सोडला की सामना बरोबरीचा होतो, असा युक्तिवाद केला जातो.

मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. पहिली गोष्ट म्हणजे तंबू सोडला तरी मादीचा खोटा आवाज सुटत नाही. निसर्गक्रमात बहुधा मादी नराकडे जाते. येथे नराला फसवून मादीकडे बोलावले जाते. प्रणयात गुंतलेल्या क्रौंचावर बाण सोडणाऱ्या निषादाला वाल्मीकींनी शाप दिला. तो उघड्यावर उभा होता की आडोशाला, हे त्यांनी विचारले नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. फुललेल्या पिसांमुळे टर्की केवढा तरी दिसतो. पण बाण लागताच तो लवकर मरेल अशी जागा जेमतेम मोसंबीएवढी असते. ती चुकली तर पक्षी जखमी होऊन पळतो किंवा उडतो आणि कुठेतरी झुडपात तडफडून मरतो. लपणात बसलेल्या शिकाऱ्याला धनुष्य सावकाश ताणता येते, पक्षी नीट उभा राहीपर्यंत थांबता येते. उघड्यावर बसलेल्याला सगळेच घाईने उरकावे लागते. म्हणजे शिकाऱ्याचा अभिमान उघड्यावर वाढत असेल, पण नेम चुकण्याची भीतीही तिथेच वाढते. आणि चुकलेल्या नेमाची किंमत शिकारी मोजत नाही, पक्षी मोजतो.

यात माणसालाही धोका आहे. झाडीत मिसळून गेलेला एक माणूस मादीचा आवाज काढतो आणि तो ऐकून दुसरा शिकारी सरसावतो, अशा गोंधळात तिकडे अपघात झालेले आहेत. नर टर्कीच्या डोक्यावर लाल, पांढरा व निळा रंग झळकतो. म्हणून या रंगाचे कपडे रानात घालू नयेत आणि नुसत्या आवाजावर कधीही नेम धरू नये, असे नव्या शिकाऱ्यांना शिकवतात. दशरथाच्या शब्दवेधी बाणाने श्रावणबाळ गेला, ही कथा ज्यांच्या घरात सांगितली जाते त्यांना या नियमाचे महत्त्व वेगळे पटवून द्यायला नको.

आता माझा खरा मुद्दा. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्या आईवडिलांनी जे कष्ट केले ते त्यांनी निवडलेले नव्हते. म्हणून हाताशी सोय असताना ती बाजूला ठेवून अवघड वाट धरणाऱ्या माणसाविषयी मला एकीकडे कुतूहल वाटते आणि दुसरीकडे थोडी शंकाही येते. अमेरिकेतील आधुनिक धनुर्विद्येवर इशी या माणसाचे मोठे ऋण आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी केलेल्या कत्तलींतून उरलेला तो याही जमातीचा शेवटचा माणूस. १९११ साली तो कॅलिफोर्नियात बाहेरच्या जगासमोर आला आणि १९१६ साली क्षयाने वारला. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्यबाण शिकले आणि १९२३ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. इशीला धनुष्य म्हणजे पोट होते. पुढच्यांना तो छंद झाला. छंद वाईट असे मी म्हणत नाही. पण छंदातल्या कष्टांना पोटासाठी केलेल्या कष्टांचे पावित्र्य आपोआप येत नाही.

या छंदाने टर्कीचे भलेही केले आहे, हे मान्य करायलाच हवे. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे मॅसॅच्युसेट्स राज्यातला शेवटचा रानटर्की १८५१ मध्ये संपला. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून पकडून आणलेले अवघे ३७ पक्षी तिथे सोडले गेले; आज त्यांचे वंशज शहरांच्या रस्त्यांवरूनही फिरतात. १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखला गेला, १९७० च्या दशकात धनुष्यबाणांवरही कर बसला, आणि तो पैसाही वन्यजीवांच्या कामी लागला. शिकारी नको म्हणणाऱ्याने हा हिशेबही पाहिला पाहिजे.

मग लपण सोडावे की नाही? माझे उत्तर असे आहे की, रिकाम्या हाताने घरी परतण्याची ज्याची तयारी आहे, त्याने खुशाल सोडावे. पक्षी समोर आला, पहाटेपासूनची बैठक फळाला आली, आणि तरीही नेम पक्का नाही म्हणून ज्याने दोरी सैल केली, त्याने स्वतः पत्करलेल्या कष्टांची किंमत स्वतःच मोजली. तसे ज्याला जमत नाही त्याने निमूटपणे तंबूत बसावे; त्यात कमीपणा नाही. स्वतःला शूर म्हणवून घेण्यासाठी अवघड वाट धरायची आणि तिचा भार मुक्या जिवावर टाकायचा, याला न्याय्य पाठलाग म्हणता येणार नाही.

मित्रहो, आपल्यापैकी कुणी अमेरिकेच्या रानात धनुष्य घेऊन बसणार नाही. परंतु स्वतःहून पत्करलेल्या तत्त्वाची झळ कोणाला बसते, हा प्रश्न केवळ शिकाऱ्यांपुरता नाही. तत्त्व आपले असेल तर झळही आपणच सोसली पाहिजे.