हृदयाचे ठोके आणि बाजारभाव

हृदयविकार म्हणजे रक्तवाहिनीतील अडथळा आणि त्यावरचा उपाय म्हणजे स्टेंट, असे समीकरण आपल्याकडे रूढ झाले आहे. हृदयाच्या विद्युत्-यंत्रणेतील बिघाडानेही माणसे मरतात, याची चर्चा आरोग्याच्या चळवळीतही क्वचितच होते. कोणाच्या हृदयात जन्मतःच विद्युत्प्रवाहाची एक जादा वाट असते. कोणाच्या हृदयात झटक्यानंतर उरलेल्या व्रणाभोवती प्रवाह गोल फिरू लागतो. ठोके मिनिटाला दोनशेच्या घरात जातात, रक्तदाब कोसळतो आणि धडधाकट दिसणारा माणूस काही मिनिटांत दगावू शकतो.

यावर उपाय आहे. जांघेतील शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, हृदयापर्यंत न्यायची, दोषी जागा शोधायची आणि विद्युत्-लहरींच्या उष्णतेने काही मिलिमीटरांची ती जागा निकामी करायची. छाती उघडावी लागत नाही. जन्मजात वाटेचे शंभरांतील नव्वदांहून अधिक रुग्ण यातून बरे होतात. व्रणातून उद्भवणारा विकार अधिक हट्टी. तो काहींना पुन्हा गाठतो. या पद्धतीच्या सुरुवातीच्या वृत्तान्तांपैकी एक मेल्विन शाइनमन आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केला, तोही कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक विद्यापीठातून. खाजगी भांडवलाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधे नाहीत, तेथे ही चैन कशाला, असा प्रश्न आमचेच काही सहकारी विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे, पण मांडणी चुकीची आहे. ती जन्मजात वाट पुष्कळदा साध्या ई.सी.जी.वरच दिसते; म्हणजे निदानाची पहिली पायरी त्या केंद्रातच आहे. विशीतील हमालावर एकदा हा उपचार झाला, तर पुढची चाळीस वर्षे तो निर्धास्तपणे ओझे उचलू शकतो. न झाला, तर त्याच्या वाट्याला गोळ्या आणि भीती.

अडसर किमतीचा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली. त्यापूर्वी छापील किमती लाखापलीकडे होत्या. शासनाला मनात आणले की जमते, हे तेव्हा दिसले. या उपचाराच्या कॅथेटरांना मात्र अशी मर्यादा नाही. वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक दरवाढ नको, एवढेच बंधन. मूळ किंमतच अवाजवी असेल तर या बंधनाचा उपयोग काय? आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च २०२५ पर्यंत करू, हे २०१७ च्या धोरणातील वचनही पुरे झाले नाही.

मुंबईच्या के. ई. एम. या महापालिकेच्या रुग्णालयात हा उपचार होतो. सार्वजनिक व्यवस्थेला तो पेलत नाही, ही सबब त्यामुळे टिकत नाही. आमची मागणी दुहेरी आहे : कॅथेटरांना कमाल किंमत, आणि राज्याच्या सहाही महसुली विभागांत किमान एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या उपचाराची सुसज्ज प्रयोगशाळा व प्रशिक्षित डॉक्टर. जिल्हा शाखांनी माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारावे, की गेल्या पाच वर्षांत आपल्या शासकीय रुग्णालयातून किती रुग्ण या उपचारासाठी मुंबई-पुण्याला धाडले गेले. उत्तरे हाती आली की आम्ही ती याच पानावर छापू.