किनाऱ्याच्या वाळूचा हिशेब आधी मांडा

नाशिकला समुद्र नाही, मग समुद्रकाठच्या वाळूशी आमचा काय संबंध, असे आमचे व्यापारी बांधव विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे जे बंदर उभे राहत आहे, त्याच्याशी आपला संबंध येणारच आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या कामास मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. बंदरापासून आपल्या इगतपुरी तालुक्यात भरवीरजवळ समृद्धी महामार्गाला मिळणारा मालवाहतुकीचा रस्ताही आखला आहे. नाशिकची द्राक्षे, लासलगावचा कांदा, मालेगावचे कापड उद्या तिकडून जाईल. खजूर आणि सुका मेवा तिकडून येईल. ज्या व्यवहारात आपला नफा आहे, त्यात तोटा कोणाच्या पदरी पडतो हे पाहणे आपले कर्तव्य ठरते.

या बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव टाकायचा आहे आणि १० किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत बांधायची आहे. भरावाची वाळू दमणसमोरच्या समुद्रातून काढण्याची योजना आहे. म्हणजे वाळू कोठून काढायची आणि ती कोठे पडणार, हे दोन्ही प्रश्न येथे एकदमच उभे राहतात.

वाळू ही किनाऱ्याची पुंजी आहे. पावसाळ्यात उसळत्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून थोड्या खोल पाण्यात नेऊन ठेवतात आणि पावसाळा सरला की शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. आपण चालू खात्यात पैसे ठेवतो आणि काढतो, तसाच हा व्यवहार आहे. हे खाते शाबूत असेल तर किनारा शाबूत राहतो. जवळच्या पाण्यात खड्डा केला तर परत यायची वाळू त्या खड्ड्यातच अडकते. समुद्रात भिंत घातली तर किनाऱ्याने सरकणारी वाळू एका बाजूला साठते आणि दुसरी बाजू उपाशी राहते.

पालघरच्या किनाऱ्याची आवक आधीच घटली आहे. आपल्याच त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा पूर्वी आपली वाळू समुद्रापर्यंत नेत असे. आता ती वाळू धरणांच्या मागे अडते आणि खाली खाडीत पोहोचते त्यातली बरीच उपशात जाते. घरे बांधणारे आपण आहोत, वाळूच्या गाड्या चालवणारेही आपल्यात आहेत. म्हणून या बाबतीत आपण अगदीच परके नाही.

आधी हिशेब केला नाही तर काय होते, याचा दाखला पुदुच्चेरीचा आहे. तेथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंदरासाठी समुद्रात भिंती बांधल्या. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी वाळू अडली आणि शहरासमोरचा किनारा नाहीसा झाला. मग दगड टाकले. दगडाने रस्ता वाचला, किनारा आला नाही. अखेर २०१८ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या योजनेने पाण्याखाली अडसर बसवला, वाळू टाकली आणि काही भाग परत मिळाला. त्याला तीस वर्षे लागली. या तीस वर्षांचा तोटा कोणाच्याही खतावणीत लिहिला गेला नाही. तो तिथल्या मच्छिमारांनी सोसला.

उलट नेदरलँड्सकडे पाहा. तेथे २०११ मध्ये हेग शहराजवळ सुमारे २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू किनाऱ्याला लावली आणि ती पसरवण्याचे काम लाटांवर सोपवले. मात्र तेथे समुद्रातील वाळू २० मीटर खोलीच्या रेषेपलीकडूनच काढायची असा नियम आहे. कारण जवळच्या पट्ट्याला हात लावला तर एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातल्यासारखे होते.

हा जवळचा पट्टा नुसता वाळूचा नाही. वाढवणसमोरच्या खडकाळ पट्ट्यात, खाजणात आणि उथळ पाण्यात मासे व शेवंड वाढतात. सातपाटीचे पापलेट नाशिकच्या बाजारात येते; २०२३ मध्ये शासनाने पापलेटला राज्यमासा ठरवले. वाळू उपसताना गाळाचे लोट उठतात. ते खडकांवर बसले, किंवा भरतीची वाळूच खडकांवर पसरली, तर पिल्लांचा निवारा जातो. आज मासळी विकणारा आपला बांधव पाच वर्षांनी काय विकणार?

बंदराने किनाऱ्यावर किती परिणाम होईल, यावर मतभेद असतील. म्हणूनच मोजमाप हवे. आमची मागणी बंदर अडवण्याची नाही. मागणी एवढीच की किनाऱ्याच्या भरपाईची वाळू आणि तिचा पैसा बंदराच्या मूळ हिशेबात धरावा आणि रक्कम आधीच वेगळी ठेवावी. किनाऱ्यासाठी वाळू खोल पाण्यातूनच काढावी. एकाच जागी खोल खड्डा न करता मधले पट्टे अस्पर्श ठेवावेत, म्हणजे तळाचे जीव तेथून पुन्हा पसरतील. वाळूचा कण किनाऱ्याच्या कणापेक्षा बारीक नसावा. बारीक वाळू पहिल्याच पावसाळ्यात वाहून जाते आणि पाणी गढूळ करते. माशांच्या विणीच्या दिवसांत उपसा बंद ठेवावा. मोजणी कामाआधी, काम चालू असताना आणि नंतरही व्हावी. ती ठेकेदाराच्या माणसाने करू नये, आणि आकडे मच्छिमारांना मराठीत मिळावेत.

माप पुरे द्यावे, तोलात कमी करू नये, ही आपल्याला लहानपणापासून शिकवण आहे. ती फक्त तराजूपुरती नाही. दुसऱ्याचा किनारा खचवून आलेल्या मालात बरकत कशी मागावी? आपल्या व्यापारी मंडळांच्या बैठकीत बंदराचा विषय निघेल, तेव्हा भाडे आणि गोदाम यांबरोबर हाही प्रश्न कोणीतरी उठून विचारावा. किनारा ही अमानत आहे आणि अमानतीचा हिशेब व्यवहार सुरू होतानाच मांडायचा असतो.